गुडघ्याची ओसी

विश्वास कुणी ठेवणार नाही, म्हणूनच बिनधास्त सांगतो: माझ्या उजव्या गुडघ्यात रेशीम आहे. पैठणीचं नव्हे. कोशातलं, उकळून शुद्ध केलेलं.

विमानतळ येणार येणार म्हणत होते, त्या वर्षांतली गोष्ट. गुडघ्यातली कूर्चा, म्हणजे हाडांमधली मऊ गादी, झिजली होती आणि नात अंकिताच्या हळदीत मला नाचायचं होतं. आजोबा नाचल्याशिवाय आमच्या विचुंब्यात हळद लागली असं धरत नाहीत. पनवेलच्या डॉक्टर अरुंधतीबाई म्हणाल्या, "काका, रेशमाची जाळी बसवते. तिच्यावर तुमच्याच पेशी नवी कूर्चा वाढवतील. मग जाळी हळूहळू विरून जाईल."

बसवली. हौसाच्या चहाच्या टपरीवर हे सांगितलं, तिथंच चुकलं.

"तुळशीरामदादा," हौसा म्हणाली, "मंग इस्त्री घरीच करता का धोब्याला देता?"

सगळे हसले. भावकीतल्या कुणीतरी मात्र अर्ज केला. नोटीस आली: सदर इसमाने सदर गुडघ्यात विनापरवाना वाढीव बांधकाम सुरू केले आहे.

कचेरीत गेलो. "साहेब, गुडघा हाय तो. माझा हाय."

"जागा सगळ्यांची स्वतःचीच असते हो," साहेब म्हणाले. "आत नवीन काही उभं राहतंय की नाही?"

"राहतंय."

"मग परवानगी?"

मोजणीवाले टेप घेऊन आले. डाव्या गुडघ्यापासून सोडायचं अंतर सोडलेलं नव्हतं. तेव्हापासून मी फेंगडा चालू लागलो. अग्निशमनचा दाखला आणला. गुडघ्यावर झाड नसल्याचा दाखला आणला. मग अट पडली: भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, मिळेपर्यंत सदर गुडघ्याचा वापर करू नये.

हळद तोंडावर आलेली. बायको चंद्रावती म्हणाली, "बसूनच नाचा."

परवा हे सगळं त्याच टपरीवर पुन्हा सांगत होतो. समोरच्या टॉवरमधले चारुदत्त प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते. नोटीस त्यांना पटली, मोजणी पटली, झाड नसल्याचा दाखला तर फारच पटला.

"मग?" त्यांनी विचारलं.

"मग काय, हळदीच्या सकाळी ओसी हातात. असा नाचलो, बेंजोवाले दमले."

चारुदत्तांनी कप खाली ठेवला.

"साफ खोटं, काका. ओसी, आणि विचुंब्यात? आमच्या टॉवरला अजून मिळालेली नाही. आमची रिया तिथंच जन्मली, ती यंदा चौथीत गेली."