नऊ नंबरचा व्हिसा

“उणे अकरा!” लिफ्टमध्ये शिरता शिरता इब्राहिमभाई म्हणाले, “आज पोरीच्या गुडघ्याचं काही खरं नाही.”

बाहेर बहारीनच्या मनामात अठरा अंश होते. मी त्यांच्या शेजारी नुकताच राहायला आलो होतो. वाटलं, मुलगी कॅनडात वगैरे असेल. तिसरा मजला येईपर्यंत कळलं, की पोरगी त्यांची नव्हेच. ती फिनलंडच्या महिला फुटबॉल संघातली फॉरवर्ड, आणि उणे अकरा अंश तिच्या आजच्या सामन्याच्या गावी. तिचं नाव त्यांच्या जिभेवर बसत नसे, म्हणून ते तिला जर्सीवरून ‘नऊ नंबर’ म्हणत.

इब्राहिमभाई रत्नागिरीकडचे, इथे हिद्दच्या एका गोदामात स्टोअरकीपर. स्वतः जन्मात कधी चेंडूला पाय लावलेला नाही. पण नऊ नंबरची सगळी कारकीर्द तोंडपाठ, आणि तीही त्यांच्या भाषेत. गावचा क्लब सोडून ती स्वीडनला गेली, तेव्हा तिला ‘व्हिसा लागला’. तिथून इटलीला गेली, तेव्हा ‘स्पॉन्सर बदलला’, म्हणजे मालक. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन वर्षभर घरी बसली, ती ‘मेडिकल लीव्ह’. परतल्यावर कोच तिला बाकावर बसवू लागला, तेव्हा मात्र ते कळवळले. “पगार चालू, काम मफी, कामच नाही. अशानं माणूस खचतो, सावंतभाऊ.”

“फिनलंडच्या माणसाला स्वीडनचा व्हिसा लागत नाही,” मी एकदा सांगून पाहिलं.

“असं कसं? घर सोडून परक्या देशात कामाला गेली ना?”

तिच्या गोलांची त्यांनी वही ठेवली होती. मला आकडे ताडून पाहायची खोड. क्लबच्या आकड्यापेक्षा वहीत चार गोल जास्त निघाले. चारही ऑफसाइडचे, पंचांनी नाकारलेले.

“हे धरता येत नाहीत,” मी म्हणालो.

“माल गेटातून आत आला की आमच्याकडे एंट्री होते. कागद नंतर.”

मी हे किस्से घरी माझ्या मुलीला, अनघाला, रंगवून सांगत असे. मग एका शुक्रवारी दुपारी त्यांचा डबा परत द्यायला गेलो, तर ते दर शुक्रवारचा गावचा फोन स्पीकरवर लावून बसले होते. बायकोशी बोलणं आटोपलं आणि मुलगी फोनवर आली.

“जेवलीस, रुबीना?”

“हो.”

“अभ्यास?”

“चाललाय.”

प्रश्न संपले. इब्राहिमभाईंनी घसा खाकरला. “काल नऊ नंबरला शेवटची दहाच मिनिटं दिली. बघितलंस?”

“बाबा, तो कोच वेडा आहे!” पलीकडून पोरगी उसळली. पुढे बावीस मिनिटं बापलेक त्या कोचला धुत होते.

फोन ठेवून ते म्हणाले, “दोन वर्षांतून तीस दिवस घरी जातो. एका खेपेला कडेवर होती, पुढच्या खेपेला मला लाजायला लागली. मग एकदा तिच्या कपाटावर या बाईचा फोटो दिसला. म्हटलं, चला, बोलायला काहीतरी मिळालं.”

रुबीना सोळा वर्षांची. म्हणजे बाप तिच्या वाट्याला आला जेमतेम आठ महिने. हा आकडा मी त्यांना सांगितला नाही.

गेल्या महिन्यात गुरुवारी संध्याकाळी ते गोदामाच्या कपड्यांतच दारात आले. “खलास, सावंतभाऊ. नऊ नंबर रिटायर झाली.”

“पस्तिशी उलटली तिची. होणारच होतं.”

“ते कळतं हो. उद्या शुक्रवार आहे.” ते आत येऊन खुर्चीच्या कडेवर टेकले. “तुमची अनघा फुटबॉल बघते ना? तिला विचारा, दुसरी कोणी आहे का.”

अनघाने मोबाइलवर एक फोटो दाखवला. “धिस वन इज गुड, अंकल.”

“वय?”

“ट्वेंटी-नाइन.”

“नको, नको. लहान बघ. टिकली पाहिजे.”

अनघाने दुसरी शोधली. एकोणीस वर्षांची, डेन्मार्कची. इब्राहिमभाईंनी बोटांवर मोजलं. “पंधरा वर्षं तरी जाईल. पण रुबीनाला आवडेल का गं?”

“हाउ वुड आय नो? आस्क हर.”

 इब्राहिमभाईंनी खिशातलं पेन काढून तिचं नाव तळहातावर लिहून घेतलं.

“हां, तेच विचारतो,” ते म्हणाले. “उद्याचा शुक्रवार तरी निघेल.”