क्लॅरीच्या फ्रिजमधला बल्ब

ऑस्ट्रेलियाच्या सरकारने जुने पिवळे बल्ब बंद करायचं ठरवलं, तेव्हा आमच्या अख्ख्या बॅलरॅट गावात ते काम सगळ्यात आधी कुणी फत्ते केलं असेल, तर या पठ्ठ्याने! एका रविवारी, जेवणाच्या आत, सतरा बल्ब बदलले आणि जुने टाकूनही दिले.

सतरावा सापडला मागच्या शेडमध्ये. तिथे माझे सासरे क्लॅरी एका बंद पडलेल्या फ्रिजात घरची बिअर लावतात. फ्रिजात पिंप, आणि पिंपाशेजारी रंगाच्या डब्याखाली झाकलेला जळता बल्ब! आता सांगा, डब्यात उजेड कोंडून कुणाचं भलं होणार? पण म्हाताऱ्यांचं काहीतरी असतंच. मी नवा बल्ब लावला आणि डबा होता तसा झाकला.

चौथ्या दिवशी क्लॅरींनी पिंपाला कान लावला. त्यांची पद्धत एकच, बुडबुडे थांबले, म्हणजे आंबणं संपलं, की बाटल्या भरायच्या.

"थांबले! चारच दिवसांत! पोरा, यंदा बिअरच्या प्रदर्शनात पहिला नंबर आपलाच. तीन वर्षं दुसरा घेतोय, लाज वाटते रे!"

अकरा वर्षांत ते मला पहिल्यांदा 'पोरा' म्हणाले. मला भरून आलं.

चाळीस बाटल्या भरल्या. शेडमध्ये गारठतील म्हणून आमच्या दिवाणखान्यात, हीटरजवळ मांडल्या. शनिवारी आम्ही मटण कापत होतो, तेवढ्यात धडाम!

"कुणीतरी गोळ्या झाडतंय!" माझी बायको हेदर टेबलाखाली शिरली.

धडाम! धडाम! छतावरून फेस गळायला लागला.

"माझी बिअर!" क्लॅरी टेबलाखालून ओरडले. "यीस्ट मेलं नव्हतं, झोपलं होतं! हीटरने जागं केलं! पण झोपलं कसं?"

चाळिसावी बाटली फुटल्यावर ते तडक शेडमध्ये गेले. मी मागोमाग. त्यांनी डबा उचलला आणि बल्बला हात लावला.

"गार! डॅरिल, हा बल्ब गार कसा?"

"नवा आहे, बाबा. वीज वाचवतो. उजेड बघा ना किती!"

"बिअरला काय पुस्तक वाचायचंय? माझी शेगडी होती ती, गाढवा!"

जुना बल्ब आणायला मी तीन दुकानं पालथी घातली. सगळीकडे एकच उत्तर, बंद झाले! मला खरंच वाईट वाटलं. म्हाताऱ्याचं वर्ष मी वाया घालवलं होतं.

तोडगा हेदरने काढला. पिंप आता आमच्या पलंगावर आहे, माझ्या बाजूला, विजेच्या गरम ब्लँकेटमध्ये गुंडाळलेलं.

"आणि मी?" मी विचारलं.

"सोफा आहे की!"

बिअरला तीन आठवडे पुरतात. पण प्रदर्शनाला अजून सात आहेत, आणि क्लॅरी म्हणतात, यंदा घाई नको.