फाळक्यावरचं नाव

इकडं या, जरा जवळ बसा. रस्त्यात उसाची ट्रॉली पुढं आली की नुसता हॉर्न वाजवत बसता. तिच्या मागच्या फाळक्यावर कुणाची नावं लिहिलीत, ते कधी वाचलंय का? न्हाई ना. मग आमचे पेंटर आप्पा तुम्हाला कसे कळणार?

आप्पा दौंडला आमच्या शेजारी राहतात. वय सत्तरीच्या पुढं, शर्टावर सतरा रंग आणि नियम एकच: पोरीचं नाव दिल्याशिवाय ट्रॉली रंगवायची नाही. आपल्याकडं फाळक्यावर पोरांची नावं टाकायची रीत. आप्पा तीही लिहितात, पण पोरीचं आधी. पोरगी नसली तर बहिणीचं विचारतात. एका बिनलग्नाच्या, बिनबहिणीच्या गड्याला त्यांनी आत्याचं नाव टाकायला लावलं. त्यांचं आवडतं वाक्य, "ब्रश बोलतो, आपण गप बसायचं." स्वतः मात्र कधी गप बसत नाहीत.

मागच्या महिन्यात भांडगावचे बाळासाहेब नवी ट्रॉली घेऊन आले, बायकोही बरोबर.

"आर्यन आन् ओंकार. मोठ्या अक्षरात."

"आन् पोरगी?"

"हाय एक, साक्षी. पण ट्रॉलीवर पोरींची नावं कुठं असत्यात?"

आप्पांनी रंगाच्या डब्याचं झाकण लावलं. मी ओट्यावर मेथी निवडत होते. म्हटलं, झालं, आता जुडी संपेस्तोवर सुटका नाही.

"शाहिरांनी डफावर थाप मारली, तवा माणसं घरदार सोडून लढायला निघाली. जलशातली गाणी ऐकून लोकांनी पोरी शाळेत धाडल्या. लेण्यात राजाशेजारी दासीबी रंगवली, म्हणून ती आजबी दिसती. कला म्हंजी खेळ वाटला व्हय?"

"आप्पा, मला ऊस न्यायचाय, इतिहास न्हाई."

"मग जा फ्लेक्सवाल्याकडं."

ट्रॉलीला टेकून उभी असलेली बाळासाहेबांची बायको पुढं आली. तिनं डब्याचं झाकण काढलं. "लिहा आप्पा. पहिलं तिचंच."

ती ट्रॉली कारखान्याच्या रांगेत दिवसभर उभी राहिली आणि अख्ख्या रांगेनं साक्षीचं नाव वाचलं. आठ दिवसांत आमच्या दारापुढं चार ट्रॉल्या. कुरकुंभचा टँकरवाला तर काकुळतीला आला, "टँकरवर नाव न्हाई म्हणून पोरगी दोन दिस बोलंना झालीय, आप्पा, आधी माझं घ्या." आप्पा शिडीवर, मी खाली चहाची किटली घेऊन. काय सांगू, डोळ्यांदेखत काहीतरी बदलत होतं आणि माझे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

संध्याकाळी विचारलं, "आप्पा, हे खूळ आलं कुठनं?"

त्यांनी स्वतःच्या दाराकडं बोट केलं. वर 'प्रदीप निवास', म्हणजे मुलाचं नाव. ते रंगवताना आठ वर्षांच्या लेकीनं, रेखानं, डबा धरला होता. तिनं विचारलं, "आन् माझं?" आप्पा म्हणाले, "तू जाणार दुसऱ्याच्या घरी."

ती गेली, शिरूरला. दिवाळीला येते, दारातच फराळाचा डबा देते आणि चपला न काढता परत फिरते.

मी जवळ जाऊन पाहिलं. 'प्रदीप'च्या आधी खडूनं 'रेखा' आखलेलं. दर पावसात पुसतं, आप्पा पुन्हा आखतात.

"मग रंग का भरत न्हाई?"

"डबा धरायला ती पायजे."

रेखा, हे तुझ्या कानावर पडलं तर लवकर ये गं. आणि घाईत परत फिरू नकोस. रंग वाळायला वेळ लागतो.