बायकोच्या बास गिटारचा आवाज मी सुधारला

आमच्या घरात वाद्य वाजवणारं माणूस एकच आहे, आणि ते मी नाही, हे आधीच सांगून टाकतो. बास गिटार बायको वाजवते. मी ती गाडीत ठेवतो आणि गाडीतून काढतो. मुलं झाल्यावर गिटार जी कपाटावर गेली, ती आत्ता खाली आली. हिच्या शाळेतल्या शिक्षकांनी बँड काढला, पीटीचे सर ड्रमवर बसले, आणि गणिताच्या बाई म्हणजे ही, बासवर. रविवारी हॉलमध्ये पहिला कार्यक्रम होता.

शुक्रवारी कपड्यांच्या घड्या घालता घालता ही म्हणाली, "रविवारी नीट झालं तर ठीक. नाहीतर विकूनच टाकू ती गिटार. उगाच जागा अडवते."

"अगं, काहीतरीच काय!"

"मग काय? आवाज किती दबका झालाय तिचा. मी वाजवतेय हे कुणाला कळतही नाही."

हे तिनं माझ्या बनियनची घडी घालत अगदी सहज म्हटलं. बासचं असंच असतं हो. वाजत असते तोवर कुणाचं लक्ष नसतं, थांबली की गाणं पोरकं होतं. (घरातही तेच. ही दोन दिवस माहेरी गेली की मला माझे मोजे सापडत नाहीत.) ही लोकांना ऐकू आलीच पाहिजे, असं मी त्या क्षणी ठरवलं. तिला न सांगता ठरवलं, इथेच चुकलं.

वाद्यांच्या दुकानदारानं समजावलं, की तारांखाली साबणाच्या वडीएवढे दोन काळे तुकडे असतात, त्यांना पिकअप म्हणतात. त्यातलं लोहचुंबक तारांची थरथर पकडून स्पीकरकडे पाठवतं.

"दोन्ही बदला," तो म्हणाला.

"एकच द्या." (सुधारणा बेतानं करावी, असं माझं मत आहे.)

"जमेल ना घरी?"

"आमचा मिक्सर मीच दुरुस्त केलाय," मी म्हणालो. (तेव्हापासून तो झाकण लावलं की बंद पडतो. पण ते त्यानं विचारलं नव्हतं.)

शनिवारी ही शाळेत गेल्या गेल्या मी गिटार उघडली. आत कंगव्यात अडकलेल्या केसांसारख्या तारा! शहाणा माणूस आधी फोटो काढतो. मीही काढला. त्यात माझा अंगठा फार छान आला. शेवटी दोन तारा आणि दोन जागा उरल्या, तेव्हा मनाचा कौल घेऊन कथील वितळवून त्या डाग देऊन जोडल्या. मग एका पिकअपचं बटण चालू, दुसऱ्याचं बंद, असं करून दोन्ही तपासले. आमच्या ऑफिसात एका वेळी एकच फाइल बघतात, ती सवय. दोन्ही पिकअप दणदणीत वाजले. गिटार बंद केली आणि दिवसभर स्वतःवर खूश होऊन हिंडलो.

रविवारी हॉलमध्ये हिनं नेहमीप्रमाणे दोन्ही बटणं पूर्ण फिरवली आणि तार छेडली.

टिंग.

अहो, डास! शुद्ध डास!

"मॅडम, स्पीकर गेला वाटतं तुमचा!" पीटीचे सर ओरडले. लोक यायला लागले होते. हिचा चेहरा उतरला.

"राहू दे," ही हळूच म्हणाली. "नशिबातच नाही माझ्या. विकून टाकू."

"अगं, ते... मी जरा उघडली होती."

"काय?"

"गिटार. नवं पिकअप बसवलं."

"का पण?"

"तू सगळ्यांना ऐकू यावीस म्हणून."

ती गिटारकडे वळली. मग तिनं एक बटण बंद केलं. धूम! ते चालू करून दुसरं बंद केलं. धूम! दोन्ही चालू केली, पुन्हा टिंग. आणि ती खुदकन हसली.

"अरे वेड्या, नवं उलटं जोडलंयस. एक पुढे ओढतंय तेव्हा दुसरं मागे. दोघं मिळून एकमेकांचा आवाज खातायत."

"मग आता?"

"आता एकानं गप्प बसायचं. घरी जाऊन नव्या पिकअपच्या आतल्या दोन तारांची अदलाबदल कर." मग माझ्याकडे नीट बघून, "नको. मीच करीन."

मी शेवटच्या रांगेत बसलो. पहिलं गाणं सुरू झालं आणि तो खोल, गोल आवाज खुर्चीतून माझ्या पाठीत शिरला. ही डोळे मिटून वाजवत होती. इतक्या वर्षांत तिला इतक्या सुखात मी पाहिलं नव्हतं. मी रडलो. (शेजारच्या काकूंनी रुमाल दिला, तो अजून माझ्याकडेच आहे.)

नंतर पीटीचे सर धावत आले. "मॅडम, आज बास काय सुरेख वाजली! काय तो आवाज!"

माझी छाती फुगली. "नवं पिकअप बसवलंय मी."

"ते बंद होतं, सर," केबल गुंडाळत ही म्हणाली.

मी गिटार उचलली. गाडीशी आल्यावर भीत भीत विचारलं, "आता विकायची नाही ना?"

तिनं माझ्या दंडात हात अडकवला आणि फार प्रेमानं म्हणाली, "कशी विकणार? तू उघडलीयस म्हटल्यावर फुकट तरी कोण घेईल?"