पहिल्या नंबरचा मान

जालिंदरला आज कायम होण्यापासून ब्रह्मदेवही अडवू शकत नव्हता; संचालक मंडळाचं तेवढं सांगता येत नव्हतं. घोडकाठ दूध संघात तो कॉम्प्युटर सांभाळायचा, पण हंगामी. संघाच्या नेटवर्कवर आणि टाक्यांवर तीन गावांतले तीन सर्व्हर नजर ठेवायचे, दूध गरम व्हायला लागलं की आपापल्या गावच्या संचालकाला धोक्याचा निरोप धाडायचे. ते तिन्ही एका कमांडीत पडद्यावर आणून मंडळाला गार करायचं, असा बेत. बायकोनं, वैष्णवीनं, पेढेसुद्धा सांगून ठेवलेले!

त्यानं भर बैठकीत माऊस ऐटीत बाजूला सारला आणि कमांड मारली. काळ्या पडद्यावर उमटलं: एक, शिक्रापूर. दोन, दौंड. तीन, इनामगाव.

टाळी वाजली नाही. अध्यक्ष बबनराव इनामगावचे. पत्रिकेत नाव खाली छापलं म्हणून सख्ख्या पुतणीच्या लग्नात पाणीसुद्धा न प्यालेले.

"जालिंदर, आमचं गाव तळाला?"

"साहेब, ह्यो मान न्हाई. टाकीचा निरोप आधी पहिल्या सर्व्हरकडं जातो. शिक्रापूरला लाइट टिकती, म्हणून..."

"म्हंजी आधी मारुतरावाला कळणार, मग आम्हाला?"

उपाध्यक्ष मारुतराव शिक्रापूरचे. यंत्राला माणसाची पारख असते, एवढंच ते मिशीत म्हणाले.

जालिंदरनं इनामगाव वर आणि शिक्रापूर खाली नेलं, तर मारुतरावांनी राजीनाम्याची भाषा काढली. दौंडच्या संचालिका चांगुणाबाईंनी, बाईला मधे चेपायची ही जुनीच रीत, म्हणत पदर खोचला.

तेव्हा जालिंदरला चौकातला फ्लेक्स आठवला. असा पेच आला की सगळे फोटो एका रांगेत, एका मापात. त्यानं तिन्ही गावांना पहिला नंबर दिला.

यंत्राला सहकाराचा अनुभव नव्हता. तीन पहिले त्याला झेपेनात, त्यानं तिघांनाही काढून टाकलं. पुन्हा कमांड मारली तर पडद्यावर एकच ओळ: नेमलेला सर्व्हर एकही नाही.

जालिंदर यादी परत भरायला की-बोर्डाकडं वळला. बबनराव मात्र खुर्चीत सैलावले.

"आता कसं! कुणी वर न्हाई, कुणी खाली न्हाई."

संघात प्रथमच एकमतानं ठराव झाला: या यादीला कुणी हात लावू नये, आणि अशा समजूतदार पोराला कायम करावं. पहिल्या भागाला जालिंदरनं तोंड उघडलं होतं. दुसरा ऐकून मिटलं.

त्याच आठवड्यात इनामगावच्या टाकीचं कुलिंग बंद पडलं. निरोप कुणालाच गेला नाही, त्यामुळे कुणाचा अपमान झाला नाही. फक्त दूध नासलं.

चौकशी झाली. यादी ठरावानं झालेली, तेव्हा तिचा दोष असणं शक्यच नव्हतं. यंत्राचा भरवसा नाही, टाकीपाशी कायम माणूस हवा, असं ठरलं. कायम माणूस तयारच होता.

आता जालिंदर थर्मामीटर घेऊन टाकीशेजारी स्टुलावर बसतो. दूध गरम व्हायला लागलं की तिघांना एकाच कॉलवर घ्यायचं. कुणी एकट्यानं आधी उचलला, तर ठेवून पुन्हा लावायचा.

तिघं एकदम उचलेपर्यंत दुधानं थांबावं, असा ठराव पुढच्या बैठकीत येतोय.