खडकमळ्याचा पंचावन्न इंची बंदोबस्त

येडगाव धरणाच्या मागच्या अंगाला खडकमळा नावाची ग्रामपंचायत आहे. तिथे बिबट्या आल्याची अधिकृत नोंद झाली, तेव्हा बिबट्या येऊन बराच काळ लोटला होता. तोवर त्याने गावातली बरीचशी कुत्री आणि काही कोंबड्या गट्टम केल्या होत्या. पण मासिक सभेत विषय निघालेला नसल्यामुळे पंचायतीच्या दृष्टीने तो अजून आलेला नव्हता.

ऊसतोड सुरू झाली, बिबट्याचा लपायचा आसरा कमी झाला आणि एका दुपारी तो थेट पंचायतीसमोरच्या उसातून बाहेर डोकावला. त्या वेळी कार्यालयात एकटे गेणभाऊ होते. गेणभाऊ पंचायतीचे शिपाई. त्यांचं स्टूल खिडकीपाशी असायचं, कारण खिडकीतून रस्त्यापलीकडचं त्यांचं स्वतःचं अंगण दिसायचं आणि अंगणात शेवग्याखाली त्यांची तांबडी शेळी बांधलेली असायची. तांबडी गाभण होती. गेणभाऊंची बायको साळुबाई रोज टोमॅटोच्या तोडणीला जायची आणि जाताना एकच गोष्ट बजावून जायची, "तांबडीकडं ध्यान ठेवा." गेणभाऊ ध्यान ठेवायचे. स्टुलाखाली तेलाचा रिकामा डबा ठेवलेला होता. त्या दुपारी उसाचा शेंडा हलला, ठिपके दिसले, तसा गेणभाऊंनी डबा बडवून खिडकीतून अशी काही हाळी दिली की बिबट्या आल्या पावली मागे फिरला.

एवढ्यावर भागलं असतं. पण गेणभाऊंनी ही गोष्ट ग्रामसेवक भाऊसाहेबांना सांगण्याची चूक केली.

भाऊसाहेब गंभीर झाले. "म्हणजे आजवर गावाचं संरक्षण एका डब्यावर चाललं होतं?" त्यांनी विचारलं. "या डब्याला मंजुरी आहे का?"

"घरचाच हाय, भाऊसाहेब."

"तेच म्हणतोय मी. अनधिकृत आहे."

तातडीची सभा बोलावली गेली. सरपंच वैजयंतीताई खुर्चीवर होत्या आणि त्यांचे यजमान गोकुळशेठ बोलत होते. ही त्या गावची जुनी वहिवाट होती. त्याआधी वनरक्षक येऊन दोन गोष्टी सांगून गेले होते, लक्ष ठेवा आणि आवाज करा. आवाज करण्यासाठी कुठल्याच योजनेत तरतूद सापडली नाही. लक्ष ठेवण्यासाठी मात्र 'दृश्य साधने' या शीर्षाखाली तरतूद निघाली, म्हणून गावाने लक्ष ठेवायचं ठरवलं. 'दृश्य साधने' म्हणजे मॉनिटर असा अर्थ भाऊसाहेबांनी लावला. दृश्य मॉनिटरवर दिसतं. कॅमेऱ्यावर काहीच दिसत नाही.

गोकुळशेठची पुतणी तेजस्विनी अवसरीला इंजिनिअरिंगला होती, तीही कॉम्प्युटरच्या शाखेत. तिला मुद्दाम बोलावून सल्ला विचारला. ती म्हणाली, "काका, एकच माणूस टेबलाशी बसून बघणार असेल तर चोवीस इंची बास झाला. नुसते इंच नका बघू, चित्रात बारकावा किती दिसतो ते बघा. चकाकणारा पडदा नको, उजेड पडला की त्यात आपलंच तोंड दिसतं. आणि आधी कॅमेरे चांगले घ्या."

"टेंभीवाडीच्या पंचायतीत बत्तीस इंची हाय," गोकुळशेठ म्हणाले. "आमी चोवीस घेतला तर गावात तोंड कुठं दाखवायचं?"

तेजस्विनीचे आभार मानून खरेदी समिती नेमण्यात आली. मॉनिटर पंचावन्न इंची घ्यावा असं एकमताने ठरलं आणि समिती गाडी करून आळेफाट्याला गेली. दुकानदाराने पंचावन्न इंची काढून दाखवला. समितीने बरोबर नेलेला टेप लावला. रुंदी अठ्ठेचाळीसच्या आतच भरली.

"ओ पावणं," गोकुळशेठ म्हणाले, "ह्यो कमी भरतोय."

दुकानदाराने समजावलं की स्क्रीन तिरकी मोजतात, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. जगभर तसंच चालतं.

समिती हसली. सगळे पिढ्यान्‌पिढ्यांचे जमीनवाले. मोजणीच्या बाबतीत त्यांना कोणी शिकवलेलं खपत नसे. "आमी काय आज मोजणी बघतोय व्हय?" एक सदस्य म्हणाले. "वावर कुणी तिरकं मोजतं का? तसं मोजलं तर माजा बांध थेट धरणात जाईल." दुकानदाराने जगाची रीत सोडली आणि पासष्ट इंची काढला. तो सरळ टेपाने पंचावन्नाच्या वर भरला. आपण फसवणूक हाणून पाडली, या आनंदात समितीने आळेफाट्यावर मिसळ खाल्ली.

मॉनिटर आला आणि तो लावायचा कुठे हा प्रश्न उभा राहिला. कार्यालयाच्या एका भिंतीवर महापुरुषांच्या तसबिरी होत्या. त्यांना हात लावला तर मोर्चा निघाला असता. दुसऱ्या भिंतीला दप्तराचं कपाट होतं. त्याची किल्ली मागच्या ग्रामसेवकाबरोबर बदलून गेल्यामुळे ते रिकामं करता येत नव्हतं आणि रिकामं केल्याशिवाय हलत नव्हतं. तिसऱ्या भिंतीत दार होतं. उरली खिडकीची भिंत. खिडकीला बाहेरून फळ्या ठोकल्या आणि आतून तिच्यावर मॉनिटर चढवला.

"भाऊसाहेब, खिडकी ऱ्हाऊ द्या की," गेणभाऊ म्हणाले. "तिच्यातनं मला तांबडी दिसती."

"आता जास्त चांगली दिसेल," भाऊसाहेब म्हणाले.

आणि खरोखरच दिसली. उरल्यासुरल्या पैशांत एक कॅमेरा आला. त्याची वायर आखूड निघाल्याने तो खिडकीच्याच फळीवर बाहेरून बसवावा लागला. त्यामुळे पूर्वी खिडकीतून जे दिसत होतं, नेमकं तेच आता मॉनिटरवर दिसू लागलं. तोच रस्ता, तोच शेवगा, तोच ऊस आणि तीच तांबडी. गावाने तोंडात बोट घातलं. जे अंगण आयुष्यभर कुणी वळून पाहिलं नव्हतं, ते बघायला म्हातारीकोतारी पंचायतीत येऊन बसू लागली. बायका पाण्याला जाताना ठेवणीतली साडी नेसून कॅमेऱ्यासमोरून जाऊ लागल्या आणि आतले लोक त्यांना ओळखून टाळ्या वाजवू लागले.

मॉनिटरची रीतसर पूजा झाली. वैजयंतीताईंनी वरच्या उजव्या कोपऱ्यात हळदीकुंकवाचं मोठं बोट लावलं. पडद्यावरचं कंपनीचं प्लास्टिक काढायचं नाही असं ठरलं, कारण काढलं की वस्तू जुनी होते. कुंकू नेमकं उसाच्या कडेवर आलं होतं. गेणभाऊंनी ते फडक्याने पुसायला हात उचलला, तर चारजण अंगावर धावले.

सोबत आलेल्या माहितीपुस्तकात लिहिलं होतं की डोळ्यांच्या आरोग्यासाठी पडद्यापासून आठ फुटांवर बसावं. भाऊसाहेबांनी नियम म्हटल्यावर तो पाळला. आठ फूट मोजून बाक मागे सरकवले, तेव्हा ते थेट दाराला जाऊन टेकले. दार आत उघडणारं होतं. म्हणून सगळ्यांनी आधी आत यायचं, मग बाक दाराला लावायचे आणि मग बसायचं, अशी पद्धत पडली. डब्यालाही बाहेर काढण्यात आलं, कारण त्याला पाय लागून आवाज व्हायचा आणि बघणाऱ्यांचं लक्ष विचलित व्हायचं.

घरी गेणभाऊंनी साळुबाईला सांगितलं, "उद्यापासून तांबडी घरात कोंडू. मला तिथनं काय सुदरत न्हाई." साळुबाईने मान डोलावली. दुसऱ्या दिवशी अंगण मोकळं दिसताच गोकुळशेठचा माणूस बोलवायला आला.

"गेणभाऊ, शेळी कुठंय?" गोकुळशेठनी विचारलं.

"घरात कोंडलीय. इळभर माणूस नसतंय घरी."

"अवो, मंगळवारी उद्घाटनाला तालुक्याचं साहेब येणार हायती. पडदा लावला आन्‌ मोकळं अंगण दिसलं तर साहेब काय म्हणतील? एवढा मोठा मॉनिटर, आन्‌ त्याच्यात बघायला काय न्हाई? शेळी पायजेच."

"पर ती गाभण हाय, शेठ."

"मग तर लईच झाक दिसंल. राव, आख्खं गाव ध्यान ठेवून हाय तिच्यावर. तुमी एकट्यानं ध्यान ठेवत व्हता तवा सुरक्षित व्हती, मग आता काय व्हईल?"

या बोलण्यात गेणभाऊंना खोट काढता येईना. शिवाय नोकरी पंचायतीची. मंगळवारी त्यांनी तांबडीला धुतलं, शेवग्याचा पाला टाकला, कासरा दोनदा ओढून पाहिला आणि साहेबांच्या हारतुऱ्यासाठी आत गेले.

साहेब आले. नारळ फुटला, फीत कापली गेली. आत माणूस माणसाला घासत होता. बाक दाराला लागले, पुढच्या बाकावर साहेब बसले, मागे सगळी पंचायत बसली, आणि गेणभाऊ मॉनिटरशेजारी रिमोट घेऊन उभे राहिले. त्यांनी बटण दाबलं. पडद्यावर तांबडी उजळली. ती निवांत रवंथ करत होती. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"छान," साहेब म्हणाले. "पण बिबट्या कुठून येतो?"

"त्या कुकवाच्या मागनं येतो, साहेब," गोकुळशेठ म्हणाले.

आणि तो आला. कुंकवाच्या बोटाखालून आधी एक पंजा, मग डोकं, मग सगळं लांबलचक अंग बाहेर पडलं. एकच गलका उठला. "आला! आला!" लोक आनंदाने एकमेकांच्या मांड्यांवर थापा मारू लागले.

"हे रेकॉर्डिंग आहे ना?" साहेबांनी विचारलं.

"न्हाई साहेब, लाइव्ह हाय! ठिपकं मोजून घ्या, एकूणएक दिसत्यात."

गेणभाऊ किंचाळले. हाळी द्यायला सवयीने खिडकीकडे वळले, तर समोर बिबट्याचं मुस्काट त्यांच्या डोक्याएवढं. त्यांनी दाराकडे धाव घेतली. "उटा! बाक सरकवा! दार उगडा!"

"गेणभाऊ, खाली बसा, मागच्यांना दिसत न्हाई!" कुणीतरी ओरडलं.

"अवो, माजी शेळी हाय ती!"

"आमी बगतोय ना तिच्याकडं!"

बाक पुढे घ्यायचा तर साहेबांना उठावं लागणार होतं, आणि साहेबांना उठा म्हणायचं कुणी हे ठरत नव्हतं. भाऊसाहेबांनी अदबीने वाकून विचारलं. साहेब म्हणाले, "एक मिनिट," आणि त्यांनी मोबाईल काढून पडद्याचा व्हिडिओ घ्यायला सुरुवात केली. मग सगळ्यांनीच काढले. गेणभाऊ परत येऊन पडद्यावर मुठी आपटत ओरडत राहिले, "तांबडे! ए तांबडे!" तिने कान टवकारून मान वळवली, पण बिबट्याला पिटाळण्याएवढा आवाज फळ्यांबाहेर गेला नाही.

बाक हलले, दार उघडलं, तेव्हा शेवग्याखाली तुटका कासरा होता आणि उसापर्यंत ओढत नेल्याची ओलसर लाल खूण उमटली होती. गेणभाऊ कासरा हातात घेऊन मातीत बसले आणि सगळ्यांदेखत लहान पोरासारखे रडले.

त्यांच्यामागून बाहेर आलेल्या कुणीतरी सांगितलं की आत जास्त स्पष्ट दिसत होतं.

साहेबांनी यंत्रणा यशस्वी झाल्याचा शेरा दिला. बिबट्याचा वावर निर्विवाद सिद्ध झाला होता. वनरक्षक पंचनाम्याला आले, तर त्यांना अंगणात जाऊ न देता खुर्ची देऊन मॉनिटरसमोर बसवलं आणि चहा दिला. पुढच्या सभेत दुसरा मॉनिटर घेण्याचा ठराव झाला. बिबट्या शेळी घेऊन पडद्याच्या उजव्या कडेबाहेर गेल्यावर पुढचं दिसलं नाही, अशी ग्रामस्थांची तक्रार होती.

संध्याकाळी साळुबाई तोडणीवरून आली. तिने मोकळा शेवगा पाहिला आणि नवऱ्याकडे पाहिलं.

"हाळी का न्हाई दिली?"

"खिडकी ऱ्हायली न्हाई."

"मग तुमी काय करत व्हता?"

"बगत व्हतो," गेणभाऊ म्हणाले.



आता खडकमळ्याला बाहेरून माणसं येतात. आळेफाट्याला एसटीतून उतरून, रिक्षा करून येतात. मोबाईलवर बघितलेलं असतं, पण मोठ्या पडद्यावर बघायचं म्हणून येतात. रिमोट शिपायाकडेच असल्यामुळे गेणभाऊंना रोज त्या दिवसाचं रेकॉर्डिंग लावावं लागतं. तांबडी रवंथ करत असते, पाठीवर ऊन असतं, कान मधूनच हलतात. कुंकवाखालून पंजा बाहेर यायच्या जरा आधी गेणभाऊ बटण दाबतात आणि चित्र थांबवतात. तेवढा वेळ ती पडद्यावर जिवंत असते, आणि तेवढ्यासाठीच ते कामावर येतात. मग मागून आवाज सुरू होतात. "ओ मामा, थांबवलं का? पुढं घ्या की! धरतो ते दावा!"

गेणभाऊ मागे वळून त्या चेहऱ्यांकडे बघतात. सगळी चांगली माणसं असतात. शिकलेली, हळवी, शेळीबद्दल मनापासून वाईट वाटणारी. मीही ही गोष्ट खरं तर तांबडी उन्हात रवंथ करत होती तिथेच थांबवणार होतो. पण तुम्ही थांबू दिलं असतंत का?