तोंडात धरलेली चाल

हंहं हं, हंऽहं.

मोबाईलमध्ये जागा शिल्लक नाही.

दोन वर्षांचा अबोला.

वर केलेला हात, चौकात पोलीस गाड्या अडवतो तसा.

हे सगळं एकाच दुपारी परंड्याच्या बस स्टँडसमोर गोळा झालं. रणधीर बँजो पार्टीसाठी चाली बांधतो. घरी लॅपटॉपवर गाणं तयार करायचं सॉफ्टवेअर आहे. जिल्ह्यातल्याच वाशीहून मोटरसायकलवर येताना त्याला एक चाल सुचली. मोबाईलमध्ये गुणगुणून ठेवावी, तर तो वरातींच्या व्हिडिओंनी भरलेला. एकेक पुसत बसलं तर चालच पुसली जायची. म्हणून चूळ भरायचं पाणी धरावं तशी ती त्याने तोंडात धरली आणि गाडी हाणली.

स्टँडसमोरच्या गर्दीत गाडी थांबली. पुढ्यात सासरे, बब्रुवान. रणधीर आणि अर्पिताने पळून जाऊन लग्न केल्यापासून ते जावयाशी बोलले नव्हते, पोटच्या लेकीशीही नाही. अर्पिता मात्र अजून प्रत्येक सणाला फोन जवळ घेऊन बसायची.

"जावईबापू," बब्रुवान म्हणाले.

रणधीरने हात वर केला. हंहं हं.

सासरे बोलत राहिले. रणधीर ठेक्यावर मान हलवत राहिला. चहावाला सिदू ओरडला, "आवं रणधीरभाऊ, सासरा बोलायलाय! गाणं काय म्हणायलाव?"

रणधीरने दुसराही हात वर केला. बब्रुवानांनी त्या दोन्ही हातांकडे पाहिलं, टोपी सारखी केली आणि समोर दिसली त्या बसमध्ये चढले.

घरी सॉफ्टवेअर आधी अपडेट व्हायला बसलं.

"जेवताव का?" अर्पिताने विचारलं.

हंहं हं.

"गॅस संपलाय."

हंऽहं.

"ऐकायलाव का न्हाय?"

शेवटी रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबलं गेलं. चाल आत गेली. जिथं सूर हलला होता, तिथं सॉफ्टवेअरने तो सरळही केला. रणधीरने श्वास सोडला.

"तुझे आण्णा भेटले. स्टँडवर. बोलले."

"कुणाशी?"

"माझ्याशी. जावईबापू म्हणले."

अर्पिता होती तिथंच खाली बसली. "आण्णा? जावईबापू? पुढं?"

"पुढं लई बोलले."

"काय?"

रणधीरने आठवून पाहिलं. आत नुसती चाल वाजत होती.

"आवं, काय बोलले?"

"तवा तोंडात चाल होती गं."

"कान तर मोकळे होते न्हवं?"

तिने आण्णांना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. दोघं स्टँडवर गेले. सिदू म्हणाला, "ष्टोव्हच्या आवाजात मला कुठलं ऐकू येतंय, वैनी? त्यांनी हात जोडले व्हते, तेवढं दिसलं."

परत आल्यावर अर्पिताने चाल लावली. संपली, पुन्हा लावली.

"चांगली हाय," ती म्हणाली.

रणधीरला आयुष्यात पहिल्यांदा आपल्या चालीचं कौतुक नको झालं.

समोरच्या बसमध्ये चढलेल्या बब्रुवानांना त्या दिवशी कुठल्याच गावाला जायचं नव्हतं.